एकाच वहीतून: कामाचे दिवस, नोकरीचा शोध आणि शाळेच्या आठवणी लिहायला घेताना

रोजच्या जगण्यावर लिहायचं ठरवून बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच ओळीला अडतो. ‘नोकरी म्हणजे तारेवरची कसरत’ किंवा ‘शाळेचे ते दिवस पुन्हा येणार नाहीत’ अशी एखादी ओळ कागदावर उतरते आणि तिच्यापुढे काही सुचत नाही. मी कितीतरी वर्षं अशा ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मग एके दिवशी हातातली नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत नऊ महिने गेले. नोकरीच्या शेवटच्या काळात सुरू केलेली एक साधी वही मी त्या नऊ महिन्यांतही चालू ठेवली होती. मुलाखतीत द्यायची उत्तरं मला तिच्यातून मिळाली आणि आयुष्यातले पहिले चार बरे लेखही तिच्यातूनच निघाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ‘तुमच्या कामाबद्दल सांगा’ असं विचारणारा समोरचा माणूस आणि लेख वाचायला घेणारा वाचक या दोघांना एकच गोष्ट हवी असते. घडलेला प्रसंग, जसा घडला तसा, नेमका. प्रसंग नेमका सांगता यायला लागला की बायोडेटा सुधारतो आणि लेखही सुधारतो. पुढच्या पायऱ्या याच एका समजुतीवर उभ्या आहेत. नोकरी करत असाल, शोधत असाल किंवा नुकतंच शिक्षण संपलं असेल, तरी क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: वही आणि दिवसाच्या पाच ओळी

वही लहान घ्या, कायम जवळ राहील अशी. मोबाइलवर लिहायची सवय असेल तर मोबाइल वापरा, फक्त सगळं एकाच जागी राहू द्या. चार अ‍ॅपमध्ये आणि पाकिटांच्या पाठीवर विखुरलेल्या नोंदी पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत. वर तारीख घाला. रोज पाच ओळी, झोपण्यापूर्वी. पाचाच्या सहा झाल्या तर हरकत नाही, पण एखाद्या दिवशी पानभर लिहून पुढचे चार दिवस कोरे सोडण्यापेक्षा रोजच्या पाच ओळी कितीतरी जास्त उपयोगाच्या.

या ओळींत तीनच गोष्टी येऊ द्या: डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आणि हातांनी केलेलं. मत लिहू नका, भावनेचं नावही लिहू नका. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण याच एका बंधनानं माझं लिहिणं सुधारलं. म्हणून उदाहरणच दाखवते.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी रात्री मी आधी हे लिहिलं होतं: ‘आज शेवटचा दिवस. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं दिली आणि शेवटी हे.’ ते वाचलं आणि जाणवलं, की हे कुणीही, कुठल्याही दिवशी लिहू शकेल. त्यात माझा दिवस कुठेच नव्हता. मग खाली पुन्हा लिहिलं:

‘टेबलाच्या खणाची किल्ली परत द्यायची होती. ती घराच्या किल्ल्यांच्या रिंगमध्ये होती. रिंग उघडेना. नखानं ओढली तर नख मोडलं. टेबलापलीकडच्या बाई हात पुढे करून थांबल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनीच स्टेपलरची पिन काढायचा चिमटा पुढे सरकवला.’

या नोंदीत ‘वाईट वाटलं’ हे शब्द नाहीत. पण आजही ती वाचली की तो दिवस समोर उभा राहतो. ऑफिसची किल्ली घराच्या किल्ल्यांत इतकी वर्षं मिसळून गेली होती, हे माझ्या ध्यानात आलं तेही नोंद वाचताना, सहा महिन्यांनी.

त्याच दिवशी लिहा, असं मी पुन्हा पुन्हा सांगते त्याला कारण आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मांडला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि ठरावीक वेळानं त्यातलं किती उरलं ते तपासायचा. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटलेलं असे. आपल्या दिवसातले प्रसंग अर्थपूर्ण असतात, ते इतक्या झपाट्यानं जात नाहीत. पण त्यातले नेमके शब्द, कोण कसं म्हणालं ते, सगळ्यांत आधी जातात. ‘ते रागावले’ एवढं उरतं, ‘तुम्ही बसा, मी बघतो’ हे त्यांचं वाक्य जातं. लेख उभा राहतो तो त्या वाक्यावर. म्हणून ऐकलेलं एक तरी वाक्य अवतरण चिन्हांत, जसंच्या तसं, रोजच्या नोंदीत असू द्या.

पहिले पंधरा दिवस लेख लिहायचाच नाही. फक्त नोंदी. हात शिवशिवले तरी थांबा.

दुसरी पायरी: कामावर लिहायचं म्हणजे काम कसं होतं ते लिहायचं

कामावर लिहिणारे बहुतेक जण साहेबांवर, सहकाऱ्यांवर आणि पगारावर लिहितात. काम स्वतः कसं होतं, हे फार थोडे लिहितात. मला वाटतं, सर्वांत मोठं धन तिथेच पडलेलं आहे. तुम्ही दिवसातले आठ-नऊ तास जे करता ते बाहेरच्या माणसानं कधी पाहिलेलंच नसतं. महिनाअखेरीला हिशेब जुळवणारा माणूस आकड्यांच्या रांगेवरून पट्टी कशी सरकवतो, टेलिफोनवर तक्रारी घेणारी मुलगी समोरचा ओरडत असताना कागदावर कसल्या रेघा मारत असते, शिकाऊ मेकॅनिकला पहिल्या महिन्यात नुसती हत्यारं पुसायला का देतात, हे वाचायला लोक आसुसलेले असतात.

यासाठी एक सोपा अभ्यास करा. तुमच्या कामातली पंधरा मिनिटांत होणारी एक कृती निवडा आणि ती क्रमानं लिहून काढा. हात कुठे जातात, आधी काय तपासता, कशाची भीती असते, झालं हे कशावरून कळतं. त्यात तुमच्या कामाच्या ठिकाणचे शब्द जसेच्या तसे वापरा. आमच्याकडे ‘क्लोजिंग’, ‘एंट्री मारली’, ‘टॅली झालं’, ‘तफावत’ हे रोजचे शब्द होते. त्यांच्याऐवजी कोशातले भारदस्त शब्द घातले असते तर त्या खोलीतली हवाच निघून गेली असती. एखादा शब्द बाहेरच्याला कळणार नाही असं वाटलं, तर तो अशा जागी ठेवा की आजूबाजूच्या कृतीवरून त्याचा अर्थ लागेल.

इथे एक गंभीर सूचना आहे, ती टाळू नका. नोकरीत रुजू होताना तुम्ही सही केलेल्या कागदांत बहुधा गोपनीयतेचं कलम असतं. ते काढून एकदा नीट वाचा. ग्राहकांची नावं, दर, अंतर्गत मेल, अजून जाहीर न झालेले निर्णय, कुणाच्या आजारपणाची किंवा पगाराची माहिती यातलं काहीही लेखात येता कामा नये, नावं बदलूनसुद्धा नाही. वही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. ज्या माणसाबरोबर उद्या सकाळी पुन्हा काम करायचं आहे, त्याच्यावर आज लेख लिहून बाहेर काढू नका. नोंद जरूर करा. लेखाला वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या. तेवढ्या काळात आपला रागही निवळतो आणि त्या माणसाची बाजू दिसायला लागते.

तिसरी पायरी: नोकरी शोधतानाची वही

नोकरी शोधत असाल तर वहीचे दोन भाग करा. एक कोरडा, एक ओला.

कोरड्या भागात अर्जांचा तक्ता. अर्जाची तारीख, पदाचं नाव, बायोडेटाची कोणती आवृत्ती पाठवली, कुणाशी बोलणं झालं, पुढे केव्हा विचारायचं. आणि जाहिरात जशीच्या तशी उतरवून ठेवा किंवा तिचा फोटो काढा. मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत जाहिरात काढून टाकलेली असते आणि त्यांनी नेमकं काय मागितलं होतं तेच आठवत नाही. मी हे दोनदा भोगलं, मग शहाणी झाले. मुलाखत झाली की बाहेर पडल्यावर पहिल्या तासाभरात विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा, आपण दिलेली उत्तरंही. पाचव्या मुलाखतीपर्यंत दिसायला लागतं, की निम्मे प्रश्न सगळीकडे तेच आहेत.

आता या कोरड्या भागाला रोजच्या पाच ओळी कशा उपयोगी पडतात ते सांगते. माझ्या पहिल्या बायोडेटात ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेनं काम करणारी’ असं लिहिलेलं होतं. ही विशेषणं प्रत्येकाच्या बायोडेटात असतात, म्हणून ती कुणाबद्दलच काही सांगत नाहीत. एका मुलाखतीत मला विचारलं, ‘कामातली एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली?’ मी गप्प झाले. आठवेचना. सात वर्षांत एकही अडचण आली नव्हती असं थोडंच आहे!

त्या रात्री आधीच्या कामाच्या दिवसांतल्या जुन्या नोंदी चाळल्या. त्यात एक पान निघालं. गोदामातला प्रत्यक्ष माल आणि रजिस्टरमधला आकडा दर महिन्याला थोडा चुकायचा. दोन दिवस शोधल्यावर कळलं होतं, की परत आलेला माल गोदामात येतो त्या दिवशी आत घेतला जातो, पण त्याची एंट्री कागद वर पोहोचल्यावर, म्हणजे कधी कधी पुढच्या महिन्यात होते. मग परत आलेल्या मालासाठी गोदामाच्या दारातच एक वेगळं रजिस्टर ठेवलं, त्यावर त्याच दिवशी सही. तफावत थांबली.

हेच पान बायोडेटात एक ओळ झालं: ‘परत आलेल्या मालाच्या नोंदीची पद्धत बदलून महिनाअखेरची तफावत थांबवली.’ आणि मुलाखतीत दोन मिनिटांची गोष्ट झालं. अशा उत्तराचा एक क्रम असतो, तो लक्षात ठेवा: परिस्थिती काय होती, त्यात माझं काम काय होतं, मी काय केलं, त्यानं काय झालं. नवखे उमेदवार पहिल्या भागात फार रेंगाळतात आणि तिसरा भाग एका वाक्यात उरकतात. उलट करा. ‘आम्ही केलं’ असं सगळीकडे म्हणू नका, कारण समोरच्याला तुमचा हात कुठे होता ते जाणून घ्यायचं असतं. अशा पाच-सहा गोष्टी वहीतून निवडून तयार ठेवल्या की निम्म्याहून अधिक प्रश्नांना पुरतात. नुकतंच शिक्षण झालेल्यांनी कॉलेजातल्या प्रकल्पातून, स्नेहसंमेलनाच्या तयारीतून, शिकवण्या घेतल्या असतील तर त्यांतून निवडाव्यात.

बायोडेटाच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एक किंवा फार तर दोन पानं. जाहिरातीत कामासाठी जे शब्द आहेत तेच तुमच्या बायोडेटात असू द्या, अर्थात ते काम तुम्ही खरंच केलेलं असेल तर. मधल्या काळात नोकरी नव्हती तर तारखा लपवू नका, एका ओळीत सरळ सांगा.

आता वहीचा ओला भाग. नकाराचे दिवस, फोन न येण्याचे दिवस, घरातल्यांच्या नजरा, स्वतःबद्दल येणारे वाईटसाईट विचार. इथे पाच ओळींचं बंधन सोडा आणि मत नको हा नियमही सोडा. वीस मिनिटांचा गजर लावा आणि मनात येईल ते लिहा. शुद्धलेखन नको, वाक्य पूर्ण व्हायला नको.

यामागे एक अभ्यास आहे, तो मला फार आधार देऊन गेला. जेम्स पेनबेकर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मनातलं कागदावर उतरवण्याच्या परिणामांवर अनेक वर्षं काम करत आले आहेत. १९९४ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी गेलेल्या ६३ व्यावसायिकांवर तो केलेला होता. त्यातल्या काहींनी पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दलचे स्वतःचे खोलवरचे विचार आणि भावना लिहिल्या. ज्यांनी असं लिहिलं त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. मला यातली पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज केले होते किंवा जास्त मुलाखती दिल्या होत्या, असं आढळलं नाही. बदल बहुधा आतच झाला होता. जुन्या मालकाबद्दलचा राग कागदावर सांडून गेला, की तो मुलाखतीच्या खोलीत आपल्याबरोबर येत नाही, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला आहे. ‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नाला माझा आवाज कधी चढायचा थांबला, तर ओल्या भागाची दहाएक पानं भरल्यानंतर.

ही ओली पानं कुणाला दाखवायची नाहीत. त्यांचा लेखही करायचा नाही, निदान वर्षभर. त्यातलं एखादं वाक्य पुढे कामाला येतं, पण ती लिहिताना मात्र वाचक खोलीत नको. आणि लिहून जड वाटणं आठवडेच्या आठवडे हटलं नाही, झोप उडाली, तर वहीवर विसंबून राहू नका, जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला.

चौथी पायरी: शाळेच्या आठवणी

शाळेवर लिहिताना सगळ्यांचा पाय एकाच ठिकाणी घसरतो. ‘किती निरागस होतो आपण’ हा सूर लागतो आणि लेख सगळ्यांच्या शाळेचा होतो, तुमच्या शाळेचा राहत नाही. त्यातून सुटायचा मला सापडलेला उपाय म्हणजे नकाशा. कोऱ्या कागदावर तुमच्या एका वर्गाचा नकाशा काढा. एकच इयत्ता धरा. दार कुठे, फळा कुठे, खिडक्या कुठल्या बाजूला, तुमचा बाक कोणता, शेजारी कोण, मागे कोण. शिक्षकांची खुर्ची. डस्टर कुठे ठेवलेला असे. जिथे काही आठवणार नाही तिथे प्रश्नचिन्ह काढा. अर्ध्या तासात अशा गोष्टी वर येतात, ज्या नुसतं डोळे मिटून बसल्यानं आल्या नसत्या.

मी माझ्या सातवीच्या वर्गाचा नकाशा काढला. माझ्या आठवणीत तो वर्ग काळोखा होता. वहीवर सतत अंधार असायचा, अक्षर नीट दिसायचं नाही, म्हणून मी वाकून लिहायचे आणि त्यावरून बोलणी खायचे. एवढं पक्कं आठवत होतं. नकाशा घेऊन एका जुन्या वर्गमैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं काळोखा कसला? डाव्या हाताला चार मोठ्या खिडक्या होत्या. उन्हानं डोळे दिपायचे.’ मी वाद घातला. फोन ठेवला. मग पेन हातात घेतलं आणि टेबलावरचा दिवा डावीकडे ठेवून पाहिलं.

मी डावखुरी आहे. उजेड डावीकडून आला, की उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या हाताची सावली उजवीकडे, रिकाम्या कागदावर पडते. डाव्या हातानं लिहिणाऱ्याची सावली नेमकी लिहित असलेल्या अक्षरावर पडते. वर्ग उजेडानं भरलेला होता. अंधार फक्त माझ्या वहीवर होता, आणि तो माझ्याच हाताचा होता.

लेख तिथेच सापडला. त्यात मला ‘निरागस’ हा शब्द लागला नाही. मैत्रिणीला फोन केला नसता तर मी काळोख्या वर्गावर एक खोटा लेख लिहिला असता, आणि तो खोटा आहे हे मला स्वतःलाही कळलं नसतं.

आठवण अशी फसवते, हे अभ्यासातूनही दिसलेलं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच पुन्हा विचारलं. अनेकांची उत्तरं बदललेली होती, काहींची तर पूर्णपणे. आणि आपल्याला बरोबर आठवतंय याची खात्री मात्र त्यांना भरपूर होती. तेव्हा ‘मला स्पष्ट आठवतंय’ हे वाक्य लेखात लिहिताना हात जरा आखडा. शक्य तिथे ताडून पाहा: जुनी प्रगतिपुस्तकं, वर्गाचा फोटो, वहीच्या मागच्या पानावरची अक्षरं, भावंडं, वर्गमित्र. ताडून पाहिल्यावर आठवण चुकीची निघाली तर ती टाकून देऊ नका. मला काय वाटत होतं आणि प्रत्यक्ष काय होतं, या दोन्हींच्या मधे बहुतेक वेळा लेख असतो.

आणखी एक. मुलाच्या उंचीवरून लिहा. सातवीतल्या मुलीला शिक्षकांच्या घरच्या अडचणी ठाऊक नसतात, तिला त्यांच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या बाह्या दिसतात. आज जे कळतं ते लेखात यायला हरकत नाही, पण ‘आता कळतं’ असं वेगळं काढून, शेवटाकडे, थोडंसं. शिक्षकांबद्दल कटू काही लिहायचं असेल तर नाव, विषय आणि शाळा तिन्ही लेखाबाहेर ठेवा. नाव काढलं म्हणून प्रसंगाची धार कमी होत नाही.

पाचवी पायरी: नोंदीतून लेख

पंधरा-वीस दिवसांच्या नोंदी सलग वाचा आणि पेन्सिलीनं खुणा करा. जिथे वाचताना थांबायला झालं तिथे. का थांबलात ते शोधू नका. अशी एक नोंद घ्या आणि तिच्यापासून सुरुवात करा, थेट मधूनच. ‘मनुष्याच्या आयुष्यात नोकरीला महत्त्वाचं स्थान आहे’ अशा प्रस्तावनेची सवय आपल्याला शाळेतल्या निबंधांनी लावलेली आहे. पहिल्या खर्ड्यात ती येणारच, येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात पहिला परिच्छेद झाकून वाचा. दहातल्या आठ वेळा लेख दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होतो, पहिला नुसता गळा साफ करण्यासाठी असतो.

पहिला खर्डा एका बैठकीत संपवा, वाईट झाला तरी. मधे मागे जाऊन दुरुस्त्या करत बसलात की तीन परिच्छेद चकचकीत होतात आणि लेख अर्धाच राहतो.

मग तो खर्डा आठ दिवस बाजूला ठेवा. नंतर मोठ्यानं वाचा. मनात वाचताना डोळा चुका झाकून नेतो, जीभ नेत नाही. जिथे श्वास अडला तिथे वाक्य लांब झालं आहे किंवा ते मराठी राहिलेलं नाही. ऑफिसात दिवसभर पत्रं आणि मेल लिहिणाऱ्यांच्या लेखात ‘करण्यात आले’, ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘सदर’ असे शब्द नकळत शिरतात. ‘माझ्याद्वारे अर्ज करण्यात आला’ असं आपण घरी कधी म्हणतो का? ‘मी अर्ज केला.’ एवढंच. कुणी केलं ते वाक्यात आलं की वाक्याला माणूस मिळतो.

विशेषणं दोन-दोनच्या जोड्यांनी येत असतील तर एक काढा. ‘अचानक’, ‘जणू’, ‘खरंच’ हे शब्द शोधून पाहा, निम्मे गाळले तरी काही बिघडत नाही. संवादात माणसं जशी बोलतात तसं लिहा आणि प्रत्येक बोलण्यानंतर ‘तो उद्गारला’, ‘ती उत्तरली’ असं घालू नका, ‘म्हणाला’ पुरतं.

शुद्धलेखनाची धास्ती घेऊन पुष्कळ जण लिहायचंच सोडतात, त्यांना सांगावंसं वाटतं की नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये ४ वाढले, असे एकूण १८. त्यांतला एक पक्का केला तरी बऱ्याच चुका जातात: मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. पाटी, गुरू, कवी, वस्तू. ‘आणि’, ‘नि’ ही अव्ययं याला अपवाद. बाकीचं शेवटच्या हातानं तपासायचं काम आहे, पहिल्या खर्ड्यात त्यासाठी थांबू नका.

शेवट कसा करायचा, हा नवख्यांना सगळ्यांत जास्त पडणारा प्रश्न. शाळेत निबंधाच्या शेवटी तात्पर्य लागायचं, तीच सवय इथे आडवी येते. माझ्या किल्लीच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद मी पाच वेळा लिहिला: नात्यांची किल्ली, मनाची किल्ली, काय काय. शेवटी तो सगळा काढला आणि चिमटा पुढे सरकवणाऱ्या बाईंपाशी लेख थांबवला. वाचलेल्या तिघांनीही त्या बाईंबद्दलच विचारलं.

लेख झाला म्हणजे तो पुन्हा कधी उघडायचाच नाही, असंही नाही. निबंधासाठीचा ‘एसे’ हा शब्द फ्रेंच भाषेतल्या प्रयत्न करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. मिशेल द मोंतेन या फ्रेंच लेखकानं १५८० मध्ये आपले निबंध या नावानं छापले आणि १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो छापील पानांच्या समासात भर घालत राहिला. तुमच्या लेखातही दोन वर्षांनी एखादं वाक्य घालावंसं वाटलं तर जरूर घाला.

सहावी पायरी: आधी कुणाला दाखवायचं

पहिला वाचक निवडताना कौतुक करणारा आणि चुका काढणारा असे दोघेही टाळा. ‘कुठे कंटाळा आला आणि कुठे पुन्हा वाचावंसं वाटलं’ एवढे दोनच प्रश्न ज्याला विचारता येतील असा माणूस शोधा. त्यानं दाखवलेली जागा बहुधा बरोबर असते, त्यानं सुचवलेला उपाय मात्र बहुधा तुमचा नसतो. तो उपाय तुम्हीच शोधायचा.

ज्या माणसाबद्दल लिहिलं आहे तो ओळखू येण्यासारखा असेल, तर सगळ्यांच्या आधी लेख त्याच्याकडे पाठवा. सातवीच्या वर्गाचा लेख मी आधी त्या मैत्रिणीला पाठवला. तिचा दोन दिवस काहीच निरोप आला नाही. मला वाटलं, तिला आवडला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तिच्याकडच्या वर्गाच्या फोटोचा फोटो पाठवला. चार खिडक्या स्पष्ट दिसत होत्या. दुसऱ्या रांगेत मी, डावा हात पाठीमागे धरलेला. ‘हे तू लिहिलं नाहीस’, एवढंच तिनं खाली लिहिलं होतं. लेख परत मागवला आणि पुन्हा लिहायला बसले.